मालकानं हात लावायचा नाही

व्यापारी मंडळाच्या व्यासपीठावरून ज्यांनी गोटलोब हेफलेला अक्कल शिकवली, त्यांनीच त्याचं घर उधळलं, हा सरळ आरोप आहे. एकट्या त्याचंच नाही, समोरच्या विधवा बाईचंही. मंडळाचं सभासदत्व सक्तीचं. वर्गणी भरली नाही तर दंड, आणि वर्गणी भरली तर व्याख्यान. या दोन्हींत जास्त महाग काय पडतं, हे एस्लिंगन या आपल्या श्वाबियन गावातल्या कुठल्याही छोट्या दुकानदाराला विचारा.

त्या महिन्याचा विषय होता, घर बदलण्यातून छोट्या व्यावसायिकांनी काय शिकावं. वक्त्यांचे हात इतके मऊ आणि गुलाबी, की त्यांनी आयुष्यात चहाच्या कपापेक्षा जड काही उचललं नसावं. ते म्हणाले, घर बदलणं हीच धंद्याची खरी परीक्षा. या परीक्षेत छोटा मालक नापास का होतो? तर तो स्वतः कपाट उचलायला जातो म्हणून. मालकानं हात लावायचा नाही! काम माणसांवर सोपवायचं, निर्णय त्यांनाच घेऊ द्यायचे, दर पाच मिनिटांनी फोन करून त्यांचं डोकं खायचं नाही. जे जुनंपानं आहे ते फेकायचा अधिकारही त्यांनाच द्यायचा, कारण मालकाचा जीव भंगारात अडकतो. आणि चूक झालीच, तर आधी माणसांचं कौतुक करायचं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोटलोबनं जरा जास्तच वाजवल्या, कारण येत्या शनिवारी तो खरोखरच घर बदलणार होता.

गोटलोब सोफे आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. दुकान म्हणजे एका अंगणातली शेड. हिवाळ्यात डिंक गोठायचा, उन्हाळ्यात माणसं वितळायची. कित्येक वर्षं धडपड केल्यावर त्याला हमरस्त्यावर एक दुकान मिळत होतं, मोठ्या काचेचं, वर राहायला घर असलेलं. जुन्या घराचा मालक श्टोत्स, तोच या नव्या जागेचाही मालक. वरच्या घराची किल्ली त्यानं दिली होती. दुकानाची मात्र खिशात ठेवली होती. त्याची अट एकच. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत जुनं घर रिकामं करून, केरसुणी फिरवून ताब्यात द्यायचं. "एक खिळा जरी राहिला ना हेफले, तर दुकान दुसऱ्याला. रांग लागलीय माझ्याकडे." आणि रांग खरंच होती. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण रोज त्या काचेला नाक लावून आत बघत उभा असायचा.

म्हणजे एवढं मोठं दुकान एका दिवसावर टांगलेलं. अशा दिवशी शहाणा माणूस स्वतः कंबर कसून उभा राहिला असता. पण गोटलोब व्याख्यान ऐकून आला होता.

त्यानं तिघांना बोलावलं. बायकोचा भाऊ एर्विन, आणि दुकानातली दोन माणसं, योश्को आणि बेर्न्ट. तिघांनीही गोटलोबचं घर आतून कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे कामावरच्या माणसाला कुणी घरी जेवायला बोलावत नाही, आणि मेहुण्याला बोलावलं तर तो खातो.

शुक्रवारी दुपारी गोटलोबनं किल्ल्यांचा जुडगा एर्विनच्या हातात ठेवला.

"दुसरा मजला. दोन दारं आहेत समोरासमोर."

"डावं की उजवं?" एर्विननं विचारलं.

"जिन्यानं वर आलास की डावं."

"म्हणजे रस्त्याकडून उजवं?"

"रस्त्याकडून कशाला येतोस, भिंतीतून येणार आहेस का?" गोटलोबनं कपाळावर हात मारला. "हे बघ. जिना झाडायचा आठवडा या वेळी आमचा आहे. ज्या दाराला झाडलोटीची पाटी लटकलेली दिसेल, ते आमचं घर. पाटी तरी दिसेल ना?"

"पाटी दिसेल, दाजी."

"आणि फोन करायचा नाही. काही अडलं तर तुमचं तुम्ही ठरवा. स्वयंपाकघर भिंतीपासून काळजीपूर्वक सोडवा. जुनंपानं दिसलं तर फेकून द्या, मला विचारायला येऊ नका."

एर्विन त्याच्याकडे बघतच राहिला. या माणसानं आजवर जुना खिळासुद्धा सरळ करून परत डब्यात टाकला होता. "दाजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मी आता मालकासारखा वागणार आहे," गोटलोब म्हणाला.

आता त्याच शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या बायकोनं काय केलं ते ऐका, आणि तिला दोष देऊ नका. ट्राउडलचं सगळं सामान खोक्यांत भरून झालं होतं. दारावरची पितळी नावपट्टीसुद्धा तिनं काढून पिशवीत टाकली होती. पितळ काही फुकट येत नाही. मग तिच्या मनात आलं, आपला आठवडा तसाच टाकून घर सोडलं तर लोक काय म्हणतील? तिनं वरपासून खालपर्यंत जिना झाडला, पुसला, कठडासुद्धा ओल्या फडक्यानं चोळला. आणि आठवडा संपल्यावर जे करायचं असतं तेच केलं. पाटी आपल्या दारावरून काढली आणि समोरच्या श्वेगलरबाईंच्या दाराला लावली. आपली पाळी संपली की दर वेळी तिचा हात हेच करायचा. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

श्वेगलरबाई डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन आठवडे गरम चिखलाच्या उपचारांना गेल्या होत्या. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली ट्राउडलकडे. आणि ट्राउडलनं ती कुठे अडकवली होती? जुडग्यात.

शनिवारी सकाळी तिघं वर आले. डावीकडच्या दारावर नाव नाही, गाव नाही. उजवीकडच्या दारावर वाळल्या फुलांचं हे भलंमोठं चक्र, त्याखाली नाव झाकलेलं, आणि मुठीला झाडलोटीची पाटी. एर्विननं पहिली किल्ली लावली, फिरली नाही. दुसरी लावली, लोण्यासारखी फिरली.

आत पाऊल टाकलं आणि तिघंही थबकले. एक खोकं भरलेलं नव्हतं. टेबलावर लेसचे रुमाल, कपाटात चिनी मातीच्या कोंबड्या, भिंतीवर घड्याळ टिकटिकतंय.

"चमचासुद्धा भरला नाही!" बेर्न्ट म्हणाला. "शनिवारचं फुकट राबायला बोलावलंय, आणि चमचासुद्धा भरला नाही!"

"मालकासारखं वागणार आहेत ना," एर्विन दात चावत म्हणाला. "चला, भरा."

भिंतीवर अग्निशमन दलाच्या गणवेशातल्या एका जाड माणसाचा फोटो होता. "हे दाजींचे वडील," एर्विननं सांगून टाकलं. "नाक बघा. तेच नाक." मग त्यानं झोपायच्या खोलीतला एक खण उघडला, आतले अंगापेक्षा मोठे अंतर्वस्त्रांचे गठ्ठे पाहिले, आणि डोळे मिटून खण बंद केला. "हे ताईचं. याला कुणी हात लावायचा नाही. खणासकट उचला."

योश्को बैठकीच्या खोलीत सोफ्यासमोर उभा होता. मधली स्प्रिंग वर आलेली, हातांवरचं कापड झिजून आतला ताग उघडा पडलेला. सोफ्यांवर आयुष्य काढलेला माणूस तो. त्याचा चेहरा एखादं प्रेत पाहिल्यासारखा झाला.

"गावभर सोफे नवे करून देतो, आणि स्वतःच्या घरात हे? दिव्याखाली अंधार!"

"जुनंपानं फेका म्हणालेत," बेर्न्टनं आठवण करून दिली.

"हे ठेवलं तर धंद्याची अब्रू जाईल," योश्को म्हणाला. त्यांनी सोफा खाली नेला, ट्रकमध्ये चढवला आणि वाटेतच नगरपालिकेच्या भंगारकेंद्रावर टाकून दिला. मालकाला विचारलं नाही. कौतुकच करायला पाहिजे.

सगळ्यात मन लावून त्यांनी स्वयंपाकघर सोडवलं. आपल्याकडे घर सोडणारा माणूस स्वयंपाकघर मागे ठेवत नाही. ओटा, कपाटं, सिंक, सगळं उपटून बरोबर नेतो. भिंतीतून डोकावणारे दोन पाइप आणि एक वायर, एवढंच पुढच्यासाठी उरतं. तिघांनी एकेक स्क्रू मोजून डबीत ठेवला. शेवटी बेर्न्टनं केरसुणी फिरवली, खिडक्या पुसल्या, भिंतीतली भोकं चुन्यानं बुजवली. रागात असलेला श्वाबियन माणूस फार स्वच्छ काम करतो.

तिकडे नव्या घरी गोटलोब मालकासारखा बसला होता. म्हणजे खुर्ची नव्हती म्हणून खिडकीत बसला होता. लोणी लावलेल्या प्रेत्सेलांचं, म्हणजे गाठ मारलेल्या खारट पावांचं, ताट त्यानं झाकून ठेवलं होतं आणि एकही खाल्ला नव्हता, हे त्या दिवसातलं त्याचं एकमेव कष्टाचं काम. दोनदा त्यानं फोन उचलला, दोनदा खाली ठेवला.

दुपारी ट्रक आला. पहिलं कपाट वर आलं ते पिवळं.

"आपली कपाटं पांढरी होती ना?" ट्राउडल म्हणाली.

"उन्हात तशी दिसत असतील."

मग चिनी मातीच्या कोंबड्या आल्या. मग अग्निशमन दलातला माणूस आला. गोटलोबला घाम फुटला, पण व्याख्यान डोक्यात घट्ट बसलं होतं. चूक झाली तर आधी कौतुक.

"छान," तो दातांतून म्हणाला. "फार छान काम केलंत."

"काय छान?" ट्राउडल किंचाळली. "अहो, हे श्वेगलरबाईंचे यजमान आहेत! मेलेले!"

एर्विननं फोटो हळूच भिंतीला टेकवला. "पण पाटी होती, ताई."

ट्राउडलनं तोंडावर हात ठेवला. कुणी काही विचारायची गरज उरली नाही.

"किल्ली लागली कशी?" गोटलोब ओरडला.

"दुसरी लागली. पहिली नाही लागली."

"मग फोन करायचास ना, बैला!"

"फोन करायचा नाही म्हणालात!" आता एर्विनचाही पारा चढला. "आमचं आम्ही ठरवायचं म्हणालात! सकाळपासून तुमच्या बापाचा फोटो म्हणून छातीशी धरून आणलाय मी याला!"

"बाई आज संध्याकाळी येतायत," ट्राउडल कशीबशी बोलली. "आणि पाचला श्टोत्स."

"सगळं परत चढवा," गोटलोब म्हणाला. "आपलं घर अजून भरलेलंच आहे तिकडे. सोफा कुठाय त्यांचा?"

योश्कोनं कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं. मग मालकाचा चेहरा पाहून परत खाली पाहिलं.

नवरा-बायको गाडी काढून सुटले, ट्रक मागे. जुन्या घराखाली पोहोचले तर दारात आणखी एक ट्रक उभा. वरून ड्रिलचा आवाज येत होता. गोटलोब तीन तीन पायऱ्या ओलांडत वर गेला. श्वेगलरबाईंचं दार सताड उघडं, आत हॅम्बुर्गहून आलेलं एक तरुण जोडपं आपलं चकचकीत काळं स्वयंपाकघर भिंतीला ठोकत होतं. आणि खोलीच्या मधोमध, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवत, घरमालक श्टोत्स.

"या, हेफले, या! मी लवकरच आलो. या नव्या भाडेकरूंचा ट्रक भाड्यानं थांबला होता." त्यानं स्वच्छ बोट हवेत धरलं. "तीस वर्षं घरं ताब्यात घेतोय. असं लखलखीत घर मला कुणी दिलं नाही. भोकंसुद्धा बुजवलीत! ही घ्या तुमची दुकानाची किल्ली." आणि त्यानं ती गोटलोबच्या तळहातावर ठेवून वर मूठ मिटवली.

किल्ली जड होती. चांगली होती. गोटलोबच्या डोळ्यांसमोर ती मोठी काच आली, काचेत हिरवी आरामखुर्ची, वर त्याचं नाव. गप्प राहिलो तर? दहा मिनिटं गप्प राहिलो, तर श्टोत्स खाली उतरून निघून जाईल. त्यानं समोर पाहिलं. समोरच्या बंद दारामागे त्याचं सगळं घर खोक्यांत बसलं होतं. ट्राउडलनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"श्टोत्ससाहेब," तो म्हणाला, "हे घर माझं नाही."

"आता नाहीच! आता यांचं!"

"आधीही नव्हतं."

श्टोत्स हसत राहिला. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला. नेमक्या त्याच वेळी जिन्यावर बॅगेची चाकं एकेका पायरीवर आदळू लागली.

श्वेगलरबाई वर आल्या. तीन आठवडे गरम चिखलात बसून त्यांचा चेहरा तुकतुकीत झाला होता. त्यांनी आपल्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं, काळ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, ड्रिल हातात धरलेल्या पोराकडे पाहिलं.

"तू कोण रे?"

"टॉर्बेन," तो म्हणाला. "आम्ही इथे राहतो."

"किती दिवसांपासून?"

"दीड तास झाला."

मग सगळे एकदम बोलायला लागले. ट्राउडल रडत पाटीचं सांगत होती, एर्विन खालून किल्लीचं ओरडत होता, टॉर्बेनची बायको आमची कागदपत्रं पक्की आहेत म्हणत होती. सगळ्यांवर श्टोत्सचा आवाज चढला. "गाढवपणा! ज्याला स्वतःचं घर ओळखता येत नाही, त्याच्या हातात मी दुकान देऊ? आणा ती किल्ली!" त्यानं हात पुढे केला. गोटलोबनं मूठ उघडली. व्याख्यानात याच्या पुढचं काही सांगितलं नव्हतं.

"थांबा," श्वेगलरबाई म्हणाल्या.

त्या आवाजानं ड्रिलसुद्धा बंद झालं.

"श्टोत्स, तुम्ही कोणतं घर तपासलंत?"

"मी... हे. रिकामं होतं ते."

"हे घर कुणाचं?"

श्टोत्स समोरच्या बंद दाराकडे बघू लागला.

"सव्वीस वर्षं मी तुम्हाला भाडं देतेय. न्हाणीघराचा नळ गळतो म्हणून कितीदा बोलावलं? एकदा आलात का बघायला? आला असतात तर भिंत ओळखली असतीत. हेफलेची माणसं चुकली, ती निदान या घरी पहिल्यांदा येत होती. तुमचं तर स्वतःचं घर आहे हे! माझं घर माझ्यामागे तपासून, ताब्यात घेऊन, तिऱ्हाइताला देऊन मोकळे झालात. मी आता वकिलाकडे जाऊ, की आपण शहाण्यासारखं बोलू?"

"शहाण्यासारखं बोलू," श्टोत्स पुटपुटला.

"समोरच्या घराला गच्ची आहे. बारा वर्षं मागतेय मी ते. दर वेळी तुम्ही म्हणता, बाई, एकट्या बाईला गच्ची कशाला? आता हेफले जातायत. ही पोरं इथेच राहू देत, माझं सामान नाहीतरी ट्रकमध्येच आहे. ते तिकडे लावा. भाडं आहे तेच."

"पण गच्चीचं भाडं..."

"आहे तेच. आणि ती किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात राहू दे."

श्टोत्सनं पुढे केलेला हात खिशात घातला.

"आता," बाई गोटलोबकडे वळल्या, "माझा सोफा कुठाय?"

योश्को पुढे आला आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, तो मी फेकला. भंगारकेंद्रात. दाबयंत्रात गेला."

"नक्की गेला? परत नाही ना येणार?"

"नाही."

बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "माझा नवरा त्याच्यावर झोपून घोरायचा. तो मेल्यावरसुद्धा मला त्या सोफ्यातून घोरणं ऐकू यायचं. हेफले, मला नवा करून द्या. हिरवा. आणि फुकट."

त्या संध्याकाळी बाईंचं घर दुसऱ्यांदा हललं आणि हेफल्यांचं पहिल्यांदा. हेफल्यांचं सामान खाली, बाईंचं सामान वर, आणि जिना इतका चिखलानं भरला की पाटी कुणाच्या दाराला आहे हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कपडे धुवायचं यंत्र गोटलोबनं स्वतः पाठीवर घेतलं. दुसऱ्या वळणावर कंबरेत कट्ट झालं.

"दाजी, मालकानं हात लावायचा नाही ना?" एर्विन वरून म्हणाला.

"तोंड बंद कर आणि खालून धर!"

दुकान उघडलं. काच मोठी आहे, गिऱ्हाईक येतं, बाईंचा हिरवा सोफा पहिला झाला. इथवर ठीक. पण पुढच्या महिन्यात मंडळाची सभा भरली. वक्ते तेच, हात तसेच गुलाबी. गोष्ट गावभर झाली होती, ती त्यांच्याही कानांवर गेली होती. ते हसत म्हणाले, "आपले सभासद हेफले यांचंच उदाहरण घ्या. मालक दूर राहिला, माणसांनी स्वतः निर्णय घेतले, आणि काय झालं? वृद्ध महिलेला गच्ची मिळाली, तरुण जोडप्याला घर मिळालं, हेफलेंना दुकान मिळालं. सगळ्यांचा फायदा! यालाच म्हणतात काम सोपवणं!"

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. गोटलोब खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उभा राहिला. कंबर अजून सरळ होत नव्हती, त्यामुळे तो वाकूनच बोलला, आणि वाकूनही त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"टाळ्या थांबवा. माझ्या हातात दुकानाची किल्ली होती आणि मी ती परत द्यायला मूठ उघडली होती. ती वाचवली एका म्हातारीनं, जिचं घर मी उठवलं होतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर तिचंच बरोबर होतं. तुमचा एकही शब्द तिथे जिन्यावर कामाला आला नाही. तेव्हा मला एवढंच सांगा. त्या बाईच्या जागी दुसरी कुणी असती, रडून पोलिसांकडे गेली असती, तर तुमच्या कोणत्या धड्यानं माझं दुकान वाचवलं असतं?"

वक्त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "आता आपण प्रश्नोत्तरं शेवटी..."

"शेवटी नाही. आत्ता," गोटलोब म्हणाला. "मी बसत नाही, मला तसंही बसता येत नाही. कोणत्या धड्यानं? उत्तर द्या."